उलटी बट

नाक पूस आधी. रड हवं तेवढं, रडायला माझी ना नाही, पण बाही म्हणजे काही रुमाल नाही. आणि दार आपटून आलीस ना? ऐकलं मी. सगळ्या जिन्यानं ऐकलं. बस इथं, दिव्याजवळ सरक. लाईट येईल तेव्हा येईल. तुझी आई खालून हाका मारतेय, मारू दे थोडा वेळ. तुला वाटतंय तू तिला नकोशी झालीस. वाटतं असं. मलाही वाटायचं.

हो, मला आई होती. शिलाईवाल्या काकूंनी मला वाढवलं म्हणून तुम्हा पोरांना वाटतं मी आभाळातून पडले. ही गोष्ट मी सहसा सांगत नाही. ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडे संशयानं बघायला लागतो. संशय घ्यायचं काम माझं. लहानपणापासून मी तशीच. दुधाचा पेला कोणी जास्त गोड करून दिला तर मी आधी विचारायची, आज काय झालं? सगळे मला लवंगी म्हणायचे. लवंगी मिरची, ती.

आई केसांचे टोप करायची. नाटकवाल्यांसाठी करायची, दवाखान्यासाठीही करायची. आजारपणात ज्यांचे केस जातात त्यांच्यासाठी. पुढच्या खोलीत दुकान, तिथं गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि एक आरसा. मध्ये पडदा. पडद्यामागे कामाची खोली, तिथं लांब टेबलावर ओळीनं लाकडी डोकी. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती गुळगुळीत डोकी, लहानमोठी. त्यांच्यावर जाळी ताणून बसवायची आणि बारीक आकड्याच्या सुईनं एकेक केस त्या जाळीत ओढून गाठ मारायची. एका टोपाला अख्खा महिना जायचा. खोलीला कायम ओल्या केसांचा वास. तो वास मला आवडायचा, खोटं कशाला बोलू.

या कामात एक गोष्ट जिवापाड सांभाळावी लागते. केसाला मूळ असतं आणि टोक असतं. विकत घेतलेली जुडी आली की आई आधी मुळाकडच्या बाजूला लाल दोरा बांधायची. टोपात बसवताना सगळ्या केसांची मुळं जाळीत आणि टोकं बाहेर, आपल्या डोक्यावर असतात तशी. चुकून एक बट उलटी गेली, तर ते केस शेजारच्या केसांना धरतात, आवळतात. फणी अडते, गुंता होतो, सोडवायला जावं तर आणखी होतो. "एक बट उलटी गेली की टोप हातचा गेला," आई म्हणायची. चालायला लागले तेव्हापासून मी हे ऐकत होते. तुम्ही पोरं गाडी आली की बाजूला व्हायला शिकता, तशी मी मूळ आणि टोक ओळखायला शिकले.

आता माझ्या केसांचं सांगते. गुडघ्यापर्यंत वेणी होती माझी. हसू नकोस, आता राहिलंय ते राहिलंय. आई मला हात लावायची तो फक्त केस विंचरताना. कुशीत घेणं, गालावरून हात फिरवणं, असलं काही आमच्या घरात नव्हतं. सकाळी मी खाली बसायची, ती मागे स्टुलावर, आणि मग सुरू.

"मान सरळ."

"दुखतंय."

"दुखणारच. हलतेस कशाला?"

"तू ओढतेस म्हणून हलते."

"तू हलतेस म्हणून ओढते."

हे रोजचं. शेवटी ती म्हणायची, "जिवाला घोर आहे नुसता!" आणि मी पाय आपटत शाळेत जायची. दुकानात कोणी आलं की मला हाक मारून, खांदे धरून गर्रकन वळवायची आणि गिऱ्हाइकाला माझी पाठ दाखवायची. "हे बघा. असे केस हवेत ना तुम्हाला?" निम्म्या गिऱ्हाइकांना माझी पाठ पाठ होती, पण माझं तोंड कसं आहे ते एकालाही सांगता आलं नसतं.

एकदा असंच एका बाईंसमोर मला वळवून आई हसत हसत म्हणाली, "हिच्याकडे दुसरं काही नाही हो. पण केस तेवढे छान निघाले."

दुसरं काही नाही!

त्या बाई गेल्या, आई त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेली. मी कामाच्या खोलीत शिरले आणि तिची मोठी कात्री घेतली. मानेपाशी लाल दोरा घट्ट बांधला आणि त्याच्या वर कात्री चालवली. बघ म्हणजे, संतापानं नुसती थरथरत होते, पण दोरा बांधायला विसरले नाही. टोपवालीची पोर ना मी! वेणी जड होती. टेबलावर पडली तेव्हा धप्प असा आवाज झाला.

मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. मारील. मारावं असं मला वाटत होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. आई आत आली. माझ्या डोक्याकडे तिनं पाहिलंच नाही. वेणी उचलली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "दोरा बरोबर बांधलास."

एवढंच. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण आपणहून एक शब्द नाही. आणि विंचरायला आता होतं काय?

तिनं माझी वेणी धुतली, दोरीवर वाळत घातली, खिळ्यांच्या फळीवरून ओढून सरळ केली. टेबलावरचं सगळ्यात लहान लाकडी डोकं होतं, त्यावर जाळी ताणली आणि टोप करायला घेतला.

मी दारातून विचारलं, "कुणासाठी करतेस?"

मान वर न करता ती एवढंच म्हणाली, "आहे एक मुलगी."

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कोण मुलगी? आई ते काम करताना गुणगुणायची. माझी आई आणि गुणगुणणार? शिट्टी वाजवणारी भिंत एक वेळ पाहायला मिळेल. आणि त्या टोपावर ती दुपारचा चहासुद्धा विसरून बसायची. नाटकवाल्यांकडे खोट्या दाढ्या पोचवायला मीच जायची, म्हणून तिथं सहज विचारलं. त्यांच्या कपड्यांची पेटी सांभाळणारा माणूस म्हणाला, "लहान मुलीचा टोप? आमच्या नाटकात लहान मुलगीच नाही. तू होतेस का?" दवाखान्यात गेले, तर तिथल्या सिस्टरनं आठवून आठवून पाहिलं आणि मान हलवली. "लहान मुलीचा आम्ही नाही सांगितला गं बाळ."

मग ही होती कोण?

एके दिवशी शाळेतून लवकर सुटले. पडद्याआडून आईचा आवाज येत होता. मी चपला हातात घेतल्या आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. फणी चालल्याचा आवाज येत होता, सर्र... सर्र... अगदी हळू. मग आई म्हणाली, "दुखलं का गं, छकुले?"

छकुली मी होते. अगदी लहान असताना, मला नीट बोलताही येत नव्हतं तेव्हा, ती मला छकुली म्हणायची. नंतर कधीतरी ते बंद झालं. माझं नाव ती दुसऱ्या कुणाला देत होती. आणि दुखलं का असं मला तिनं जन्मात कधी विचारलं नव्हतं! मी पडदा फाडल्यासारखा बाजूला केला. खोलीत आई एकटी. समोर मांडीवर ते लहान लाकडी डोकं आणि त्यावर माझे केस.

"काय आहे?" आई म्हणाली.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कामाशी," ती म्हणाली आणि पडदा ओढून घेतला.

मी काय मूर्ख होते? मी तेव्हापासून पाळत ठेवली. शाळेत जाताना माझ्या निळ्या पेल्यात पेन्सिलीनं खूण करून ठेवायची. परत आले की खूण पुसलेली आणि पेला ओला. माझे जुने बूट कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवायची. आल्यावर ते दाराकडे तोंड केलेले. हात घालून पाहिला तर आतून ऊबदार. आईचा पाय त्या बुटात मावणं शक्यच नव्हतं.

मग समोरच्या काकू. याच त्या शिलाईवाल्या काकू, तेव्हा आमच्या समोर राहायच्या. दिवसभर खिडकीत मशीनवर बसलेल्या, सगळ्या गल्लीवर त्यांची नजर. मी शाळेतून येत होते तर त्यांनी हाक मारली. "अगं लवंगी, तू बाहेर कधी गेलीस? मघाशी तर खिडकीत आईपुढे बसली होतीस. काय शहाण्यासारखी बसली होतीस गं, हूं नाही की चूं नाही! मी म्हटलं, आज सूर्य कुठं उगवला?"

"मी शाळेत होते, काकू."

"चल! वेणी पाहिली मी. एवढी लांब."

मी डोकं पुढे केलं. कान उघडे पाडणारे, कापलेले केस. काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नंतर म्हणाल्या, "नंबर वाढला वाटतं माझा." पण हसल्या नाहीत.

आणि शाळेतलं सांगायचं राहिलं. मी शेवटच्या बाकावर, माझ्यामागे फक्त भिंत. बाई फळ्यावर गणित लिहीत होत्या. एकदम माझं डोकं मागे ओढलं गेलं. केस धरून कोणी विंचरतं ना, तसं, वरून खाली. मला वेणी नव्हती आणि वेणी ओढली जात होती. वरपासून गुडघ्यापर्यंत, हळू, लाडानं. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "मान सरळ." सगळा वर्ग हसला. मी मात्र घामानं भिजले. माझे केस तिथं घरी होते, आणि ते अजून माझेच होते. फक्त त्यांच्याखाली दुसरं कोणी बसलं होतं.

तुला भीती वाटतेय? हात दे इकडे. मला तेव्हा भीतीपेक्षा संताप जास्त होता. माझी आई माझ्या समोरून कोणी पळवत होतं, तेही माझ्याच केसांच्या जोरावर! आई मला हवी होती गं. तिच्याशी मी उभा दावा मांडला होता, पण ती मला हवी होती. मी ठरवलं, हा टोप मोडायचा.

फाडून टाकला असता तर आईनं तो परत केला असता, हे मला माहीत होतं. ती हार मानणाऱ्यातली नव्हतीच. टोप कायमचा बाद व्हायला हवा होता, आणि तो कशानं बाद होतो ते त्या गल्लीत आई सोडून मला एकटीलाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आई दवाखान्यात माप घ्यायला गेली. रस्ता ओस पडला होता, ऊन नुसतं भाजत होतं. काकूंचं मशीन तेवढं मधूनमधून चालत होतं. मी कामाच्या खोलीत गेले. टोप पुरा झाला होता. वेणी घातलेली, टेबलाच्या कडेवरून खाली सोडलेली. मी जवळ गेले. लाकडाला हात लावला तर ते गरम होतं. उन्हानं म्हणशील, पण त्या खोलीत ऊन येत नव्हतं. आणि समोरच्या बाजूला, जिथं तोंड असायला हवं, तिथं लाकडावर दमट डाग होता. मी पुसला. बघता बघता परत आला.

मी डोकं फिरवून पाठ आपल्याकडे केली. मला तिच्या तोंडापुढे ते करवेना. तोंड नव्हतंच तरी.

मानेजवळची एक बट मी निवडली, आतली, वरून दिसणार नाही अशी. आकड्याच्या टोकानं गाठी सोडवायला लागले. पहिली गाठ सुटली आणि माझ्या मानेवर टाचणी टोचल्यासारखं झालं. दुसरी सोडली, परत तेच. ओठ दाबून मी सोडवत गेले. सगळी बट हातात आली तेव्हा ती उलटी केली. टोकं जाळीत, मुळं बाहेर. आणि एकेक केस परत ओवून गाठ मारायला लागले. हात चालत होता, आईचाच हात तो. मशीनचा आवाज थांबला होता. मला माझाच श्वास ऐकू येत होता. नंतर वाटलं, तो माझा नसावा, कारण मी श्वास रोखून धरला होता.

"हळू ना..."

माझा आवाज होता. माझ्या तोंडातून आलेला नव्हता.

"आई... हळू ना..."

मी पळाले नाही. उलट मला असा काही राग आला! "ती तुझी आई नाही," मी म्हणाले आणि शेवटची गाठ मारली. सुई जागेवर ठेवली, डोकं होतं तसं फिरवून ठेवलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

संध्याकाळी आई आली, हातपाय धुऊन पडद्याआड गेली. मी कान टवकारले. फणी सर्र... सर्र... आणि अडली. पुन्हा सर्र, पुन्हा अडली. थोड्या वेळानं आई म्हणाली, "मान सरळ." मग, "हलतेस कशाला?" मग फणी टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि ते शब्द, माझे ओळखीचे शब्द. "जिवाला घोर आहे नुसता!"

मी तोंडावर उशी दाबून हसले गं. हसता हसता रडले. जिंकले होते मी! पडदा सरकला, आई बाहेर आली. माझ्याजवळ येऊन बसली, कापलेल्या केसांवरून तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "छकुले."

त्यानंतरचे दिवस म्हणजे विचारू नकोस. रोज सकाळी ती माझे ते बोटभर केस लहान फणीनं विंचरायची. दुखलं का विचारायची. मी नाही म्हणायची आणि खरंच दुखायचं नाही. जरासुद्धा नाही. फणी डोक्यावरून फिरते आहे हे मला आरशात पाहून कळायचं. पण मी म्हटलं, प्रेमानं विंचरलं की असंच होत असेल. मला काय माहीत?

तरी हा आमचा संशयी स्वभाव. गोड पेला हातात आला की मी वास घेणारच. ती माझ्याकडे बघायची ते मला खटकायला लागलं. हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवायची, डावीकडे, उजवीकडे, आणि समाधानानं मान हलवायची. अशी ती पुरा झालेला टोप बघायची. मी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं. माझा निळा पेला तिच्यासमोर जमिनीवर आपटला. तुकडे तुकडे झाले. "असू दे," ती म्हणाली, अगदी गोड. चिखलाचे पाय घेऊन तिच्या धुतलेल्या जाळ्यांवरून चालले. "असू दे." मग मी अगदी तोंडावर म्हणाले, "तू मला आवडत नाहीस." ती हसली. गिऱ्हाइकाकडे बघून हसते तशी हसली. "असू दे हं."

पूर्वी एवढ्यात माझी चामडी लोळवली असती!

आणि आतल्या खोलीतली भांडणं मात्र रोज वाढत होती. फणी अडायची, आई चिडायची. मला वाटायचं आज ती तो टोप फेकून देईल, उद्या नक्कीच देईल. गुंता झालेला टोप ती कधी ठेवत नसे. पण ती फेकत नव्हती. गुंता सोडवत बसायची, तासन् तास, तणतणत, दात ओठ खात. जेवणाचं ताट आधी आत जायला लागलं. मला उरलेलं मिळायला लागलं, तेही हसून. एके रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलं. आई आत म्हणाली, "तू हलतेस म्हणून ओढते," आणि त्याच्या आधी काहीतरी बोललं गेलं होतं. इतकं हळू की शब्द कळले नाहीत. मी स्वतःला समजावलं की आई एकटीच बोलते आहे. पण मला माहीत होतं. त्या वाक्याच्या आधी कुठलं वाक्य येतं ते मला माहीत नसेल तर कुणाला?

मला तेव्हा कळलं की मी काय उलटं करून बसले होते. आईचा राग, आईची ओढाताण, ते सकाळचं भांडण, सगळं त्या बटेबरोबर तिकडे गेलं होतं. आणि इकडे माझ्या वाटणीला आलं होतं ते लाकडाला मिळतं ते प्रेम. मला ते गोड बोलणं नको होतं. मला माझी तणतणणारी आई परत हवी होती. मी ठरवलं की उद्या शाळेतून आले की आत जायचं, ती बट सोडायची आणि आईला सगळं सांगून टाकायचं. मारू दे. मारलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी धावतच आले. भर दुपार होती, दुकान उघडं होतं. आतून आवाज येत होते, आणि आता ते दोन होते. अगदी स्पष्ट, कुणालाही ऐकू जातील असे.

"दुखतंय!"

"दुखणारच. हलतेस कशाला?"

"तू ओढतेस म्हणून हलते!"

"तू हलतेस म्हणून... अगं, थांब की, कार्टे!"

आणि आई हसली. खदखदून हसली. तिच्याबरोबर ती दुसरीही हसली. आई अशी हसू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्यापाशी ती कधी अशी हसली नव्हती. का हसली नव्हती? मी कधी हसू दिलं नव्हतं, की मला ऐकू आलं नव्हतं? मी पडद्याला हात लावला. कापड हलल्याचा आवाज झाला असेल.

"आई, बाहेर कोण आहे गं?" ती म्हणाली.

"कोण असणार? गिऱ्हाईक असेल," आई म्हणाली. "बसेल बाकावर."

मी तो पडदा बाजूला करू शकले असते. एवढं पातळ कापड ते, रोज येता जाता मी ते डोक्यानं ढकलायची. त्या दिवशी हात उचलेना. मी मागे झाले आणि बाकावर जाऊन बसले. समोर आरसा होता. त्यात मी बघितलं नाही.

थोड्या वेळानं आई बाहेर आली. फणी हातातच होती, पदराला केस चिकटले होते, लांबलचक. कपाळावर घाम आणि तोंडावर अजून ते हसू. ती आली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली. माझ्या कापलेल्या केसांकडे तिनं पाहिलं. दवाखान्यातून पोरी यायच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, त्यांच्याकडे ती असंच पाहायची. तिचे डोळे भरून आले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला तो जाणवला नाही.

"घाबरू नको हं," ती म्हणाली. "छान टोप करून देऊ आपण. तुझ्याएवढीच माझी मुलगी आहे आत, महाद्वाड. कुणाबरोबर आलीस बाळा? आई कुठंय तुझी?"

मी नुसतं बोट केलं, तिच्याकडे.

तिनं मागे वळून पाहिलं, मी कुणाकडे बोट दाखवतेय ते.